लिनक्सवर घरचं ब्रॉडबँड: आधी डायल कोण करतंय ते बघा

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ चालणार नाही अशी बरीच धडधाकट मशीन्स त्यानंतर लिनक्सकडे वळली. पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट किंवा उबंटू चढवणं आता अवघड राहिलेलं नाही. गाडी अडते ती पुढे, नेट जोडताना. लाइन टाकायला आलेल्या मुलाला स्क्रीनवर ओळखीचं काही दिसत नाही आणि "आपलं नेट यावर चालत नाही, विंडोज टाकून घ्या" असं सांगून तो मोकळा होतो.

त्याचं ऐकू नका. केबलच्या दुसऱ्या टोकाला कुठली सिस्टिम आहे याच्याशी मोडेमला काही देणंघेणं नसतं. त्याला कळतात ती फक्त इथरनेटची, म्हणजे लॅन केबलवरून जाणारी, पॅकेट्स (माहितीचे छोटे गठ्ठे), आणि ती विंडोजची असोत की लिनक्सची, सारखीच असतात. त्या डब्याच्या पोटातही बहुतेक वेळा लिनक्सच चालू असतं. म्हणून "माझा मोडेम लिनक्सला चालेल का" हा प्रश्नच सोडून द्या. त्याऐवजी विचारा: कंपनीकडे युजरनेम-पासवर्ड पाठवून लाइन चालू करायचं काम, म्हणजे डायल, डबा करतो की कंप्युटर? याचं उत्तर मिळालं की पुढची वाट सरळ आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा. खाली मेनूतले पर्याय आणि टर्मिनलच्या (टाइप करून आज्ञा द्यायच्या खिडकीच्या) आज्ञा फोनवरून सांगाव्यात तशा देवनागरीत दिल्या आहेत. आज्ञा टाइप करताना रोमन लिपी, लहान अक्षरं आणि इंग्रजी अंक वापरा. ‘एन-एम-टी-यू-आय’ असं लिहिलेलं दिसलं तर ती पाच अक्षरं सलग टाइप करायची, मधल्या रेघा नाहीत. जिथे आडवी रेघ खरंच टाइप करायची आहे तिथे ‘डॅश’ म्हटलं आहे.

तुमच्या घरी कुठला प्रकार आहे?

पहिला प्रकार सर्वांत सोपा. घरात फायबर येते, ती ओएनटी नावाच्या डब्यात जाते, आणि तोच डबा वायफायही देतो. जिओ आणि एअरटेलच्या घरगुती फायबरवर डबा कंपनीचा असतो आणि डायलपासून वायफायपर्यंत सगळं तोच बघतो. बीएसएनएलच्या फायबरवरही आता बहुतेक घरी डब्यातच युजरनेम-पासवर्ड भरून ठेवलेला असतो. इथे लिनक्सला काहीच शिकवावं लागत नाही. केबल लावली की नेट सुरू व्हायला हवं. नाही झालं तर दोष लाइनचा, केबलचा किंवा नेटवर्क कार्डाचा.

दुसऱ्या प्रकारात डबा फक्त मधला पूल असतो. याला ब्रिज मोड म्हणतात. फायबरवरचा सिग्नल इथरनेटवर उतरवून देणं एवढंच त्याचं काम. डायल कंप्युटरने किंवा तुमच्या स्वतःच्या राउटरने करायचं. तालुक्याच्या गावात किंवा शहरातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये केबलवाल्याचं नेट असेल तर कित्येकदा डबाही नसतो. जिन्यातल्या स्विचमधून निघालेली लॅन केबल थेट घरात येते. तिथेही डायल तुमच्याकडेच.

तिसरा प्रकार लॉगिन पानाचा. केबल लावली की कंप्युटरला नेटवर्कवरचा आकडी पत्ता (आयपी) मिळतो, पण ब्राउझरमध्ये केबलवाल्याचं पान उघडून आयडी-पासवर्ड टाकल्याशिवाय पुढे काही जात नाही.

ओळखायचं कसं? विंडोजवर रोज ‘ब्रॉडबँड कनेक्शन’ नावाचं आयकॉन दाबून कनेक्ट करत होतात का? मग प्रकार दुसरा. ब्राउझरमध्ये लॉगिन करत होतात? तिसरा. दोन्हीपैकी काहीच करत नव्हतात? पहिला. आठवत नसेल तर केबलवाल्याला सरळ विचारा: "पीपीपीओई आहे का?" म्हणजे युजरनेम-पासवर्डने डायल करायची पद्धत. हा शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातला आहे. लिनक्सचा उल्लेखही करायची गरज नाही.

आधी डब्याचे दिवे वाचा

कंप्युटरला हात लावण्याआधी ओएनटीकडे बघा. ‘पॉन’ लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. ‘लॉस’ किंवा ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल असेल, मग तो स्थिर असो वा लुकलुकता, तर फायबरमधून प्रकाशच पोचत नाहीये. अशा वेळी लिनक्समध्ये काहीही करून उपयोग नाही, तक्रारच नोंदवावी लागते. फायबर कपाटामागे दुमडली गेली आहे का आणि तिचं टोक डब्यात नीट बसलंय का, एवढं मात्र आधी बघून घ्या. टोक उपसून त्यात डोकावू नका. जीपॉन या घरगुती फायबरच्या पद्धतीत घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा लेझर असतो.

पॉन हिरवा आहे आणि कंप्युटरची केबलही लावली आहे, तरी ‘लॅन’चा दिवा लागत नाही? मग केबल, तिची क्लिप किंवा कंप्युटरचा पोर्ट तपासा. दुसऱ्या पोर्टात लावून बघा. विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर असतील आणि विंडोजमधून बंद करून लिनक्समध्ये आल्यावरच हा दिवा मेलेला दिसत असेल, तर संशय विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’वर घ्या. त्यात मशीन खऱ्या अर्थाने बंद होत नाही, आणि काही रिअलटेक कार्डं झोपलेल्या अवस्थेतच लिनक्सच्या हाती येतात. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा, मशीन बंद करून पिनही काढा, मिनिटभराने पुन्हा लावा.

केबल लावा, आणि वायफाय नंतर बघा

लॅपटॉप असला तरी पहिली जोडणी केबलनेच करा. वायफायमध्ये ड्रायव्हर, पासवर्ड आणि सिग्नल अशा तीन भानगडी वाढतात आणि नेमकं काय बिघडलंय ते कळेनासं होतं.

केबल लावल्यावर टर्मिनल उघडून ‘आय-पी ए’ ही आज्ञा द्या. ‘एलओ’ नावाची ओळ सोडून द्या, ते मशीन स्वतःशीच बोलतं ते. इथरनेट कार्डाचं नाव ‘ई-एन-पी-३-एस-०’ अशा धाटणीचं असेल: ई-एन म्हणजे इथरनेट, पुढचे आकडे म्हणजे मदरबोर्डवरची त्याची जागा. वायफायचं नाव ‘डब्ल्यू-एल’ने सुरू होतं. जुन्या लेखांत ‘ईटीएच-०’ असं नाव दिसतं. तिथली आज्ञा वापरायची तर नाव बदलून घ्या.

त्या कार्डाखाली ‘आयनेट’ या शब्दापुढे १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला की डब्याने तुम्हाला घरात घेतलं. आता पायऱ्या उतरत जा. त्यासाठी ‘पिंग’ ही आज्ञा वापरायची: ती एखाद्या पत्त्याला छोटी हाक मारते आणि उत्तर येतं का ते दाखवते.

‘आय-पी आर’ द्या. ‘डिफॉल्ट व्हाया’च्या पुढचा पत्ता हा तुमच्या डब्याचा. बहुतेक वेळा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, हुआवेच्या काही डब्यांवर १९२.१६८.१००.१. त्याला ‘पिंग डॅश-सी ४’ आणि पुढे तो पत्ता अशी आज्ञा द्या. चार उत्तरं आली म्हणजे घरातलं नेटवर्क ठीक.

मग ‘पिंग डॅश-सी ४ १.१.१.१’. उत्तर आलं तर नेट बाहेरपर्यंत जातंय. डबा उत्तर देतो पण हा पत्ता देत नाही? तर दोष डब्यापलीकडचा.

शेवटी हेच एखाद्या नावाने करा, उदाहरणार्थ ‘पिंग डॅश-सी ४ डेबियन डॉट ओआरजी’. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही तर गोची डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेची आहे. त्यावर पुढे येतो.

या तीन पिंग्जचा क्रम मोडू नका. "नेट चालत नाही" या वाक्यातून कुणालाच काही कळत नाही. "डबा पिंग होतो, १.१.१.१ होत नाही" यातून मात्र अर्धं निदान हातात येतं.

‘आयनेट’ची ओळच आली नाही आणि वरच्या पट्टीतलं नेटवर्कचं चिन्ह नुसतं गरगरत राहिलं, तर डबा पत्ता वाटत नाहीये. तो गोठलेला असेल तर बंद करून चालू करा. तरीही तेच, म्हणजे बहुधा तुमचा प्रकार दुसरा आहे. तिथे पत्ता मागून मिळत नाही, डायल करून मिळवावा लागतो.

पीपीपीओई: डायल तुम्हीच करायचं असेल तर

डायल-अपच्या काळात मोडेम जशी फोन लावून ओळख पटवायचा, तीच ओळख इथरनेटच्या केबलवरून पटवायची पद्धत म्हणजे पीपीपीओई. १९९९ साली ती आरएफसी २५१६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात कागदावर आली. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, तिची सोय कित्येक वर्षांपासून आहे, वेगळं सॉफ्टवेअर शोधत बसायला नको.

हाताशी दोन गोष्टी हव्यात: युजरनेम आणि पासवर्ड. युजरनेम पूर्ण हवं. बीएसएनएलच्या फायबरवर ते सहसा अ‍ॅटच्या खुणेपुढे ‘एफटीटीएच डॉट बीएसएनएल डॉट इन’ असं संपतं, आणि ही शेपटी विसरली की पासवर्ड बरोबर असूनही लाइन नाकारली जाते. केबलवाल्याकडून घेताना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनच मागा. फोनवर ऐकलेल्या पासवर्डात शून्य कुठला आणि ‘ओ’ कुठला ते कळत नाही.

मिंटमध्ये मेनूत ‘नेटवर्क कनेक्शन्स’ असं शोधा. जी खिडकी उघडेल तिच्यात खालचं अधिकचं चिन्ह दाबा आणि यादीतून ‘डीएसएल/पीपीपीओई’ निवडा. ‘डीएसएल’ या नावाने गोंधळू नका. लाइन फायबरची असली तरी पर्याय हाच. उबंटूच्या नेहमीच्या सेटिंग्जमध्ये हा पर्याय सापडत नाही, तेव्हा तिथे टर्मिनलमध्ये ‘एन-एम-टी-यू-आय’ द्या. निळसर पडद्यावर मेनू येतो. बाणाच्या कळांनी ‘एडिट अ कनेक्शन’, मग ‘अ‍ॅड’, मग ‘डीएसएल’. दिसायला जुनाट आहे, पण मी स्वतः हाच वापरतो. लिनक्सचं वितरण (मिंट, उबंटू, डेबियन वगैरे) कुठलंही असो, हा पडदा तसाच्या तसा दिसतो आणि फोनवरून समोरच्याला वाट सांगता येते.

आता रकाने. युजरनेम, पासवर्ड भरा. ‘सर्व्हिस’ रिकामं ठेवा. इथे कंपनीचं नाव लिहायचा मोह होतो, आणि लिहिलं की त्या नावाची सेवा शोधत बसून कनेक्शन लागतच नाही. ‘पॅरेंट इंटरफेस’ किंवा ‘डिव्हाइस’च्या जागी मघाशी पाहिलेलं कार्डाचं नाव. मिंटच्या खिडकीत पासवर्डच्या रकान्याच्या उजव्या कडेला एक छोटं चिन्ह असतं. ते दाबून पासवर्ड सगळ्या वापरकर्त्यांसाठी साठवायचा पर्याय घ्या. म्हणजे मशीन सुरू होताच, लॉगिनच्या आधीच लाइन लागू शकते. ‘जनरल’ टॅबवर आपोआप जोडण्याच्या पर्यायावर खूण करा.

सेव्ह केलंत आणि तरी लागलं नाही तर ‘वायर्ड कनेक्शन १’ नावाचं जे कनेक्शन लिनक्सने आपणहून बनवलेलं असतं ते उघडा आणि त्याच्या आपोआप जोडण्याच्या पर्यायावरची खूण काढा. ते त्याच कार्डावर बसून डब्याकडे पत्ता मागत राहतं आणि तुमच्या पीपीपीओईला कार्ड मिळत नाही. "सगळं बरोबर भरलं, तरी लागत नाही" अशा तक्रारींत हे कारण वारंवार निघतं.

तरीही अडलं तर नुसतं पुन्हा पुन्हा ‘कनेक्ट’ दाबू नका, नोंदी वाचा. एका टर्मिनलमध्ये ‘सूडो जर्नल-सी-टी-एल डॅश-एफ’ (‘सूडो’ म्हणजे आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं) चालू ठेवा आणि दुसरीकडून कनेक्ट करा. ओळी धावू लागतील. त्यातल्या दोनच ओळी महत्त्वाच्या.

‘टाइमआउट वेटिंग फॉर पॅडो पॅकेट्स’ असं दिसलं तर तुमची हाक कुणी ऐकलीच नाही. पीपीपीओईची सुरुवात चार पॅकेट्सनी होते. कंप्युटर आधी सगळ्या लाइनवर ‘कुणी आहे का’ असं ओरडतो, ते पॅडी. पलीकडचा सर्व्हर ‘मी आहे’ म्हणतो, ते पॅडो. मग कंप्युटर त्याच्याकडे जागा मागतो, ते पॅडआर. सर्व्हर सत्राचा क्रमांक देतो, ते पॅडएस. पॅडो आलंच नाही म्हणजे युजरनेम-पासवर्डची पाळीच आली नाही. तेव्हा पासवर्ड बदलून बदलून बघणं व्यर्थ. केबल बघा, डबा खरंच ब्रिज मोडमध्ये आहे का बघा, आणि कंपनीला व्हीलॅनबद्दल विचारा. व्हीलॅन म्हणजे एकाच लाइनवर केलेले वेगवेगळे आभासी कप्पे. काही जोडण्यांत पॅकेटवर व्हीलॅनचा क्रमांक लावावा लागतो. तो सहसा डब्यातच भरलेला असतो, पण ब्रिज करताना कुणीतरी चुकीचा भरला की हाच संदेश येतो. क्रमांक ठिकाणानुसार बदलतो, दुसऱ्याचा उचलू नका.

दुसरी ओळ ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ची, आधी ‘पॅप’ किंवा ‘चॅप’ (पासवर्ड तपासायच्या दोन पद्धती) असेल. म्हणजे लाइन ठणठणीत आहे, सर्व्हरने ऐकलं आणि नाकारलं. युजरनेमची शेपटी, पासवर्ड, संपलेला प्लॅन, या क्रमाने तपासा. लाइट गेल्यानंतर लगेच हे होत असेल तर थोडं थांबा. मशीन अचानक बंद पडल्याने सर्व्हरच्या लेखी तुमचं जुनं सत्र अजून चालू असतं, आणि एका आयडीवर एकच सत्र चालतं. काही मिनिटांत ते आपोआप गळतं. घरात दुसरं कुणी तेच युजरनेम राउटरमध्ये भरून बसलेलं नाही ना, तेही बघा.

केबलवाल्यांकडे आणखी एक खोड असते: मॅक बांधून ठेवणं. पहिल्यांदा ज्या कार्डावरून लाइन लागली त्याचाच मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक, नोंदवला जातो, आणि नवीन मशीन किंवा राउटर आला की दार बंद. विंडोज काढून त्याच मशीनवर लिनक्स टाकलं असेल तर ही अडचण येत नाही, कारण कार्ड तेच. मशीनच बदललं असेल तर फोन करून "मॅक रीसेट करा" म्हणायचं. रविवारी संध्याकाळी फोन उचलला जात नसेल, तर कनेक्शनच्या ‘इथरनेट’ टॅबवर ‘क्लोन्ड मॅक अ‍ॅड्रेस’च्या रकान्यात आपल्याच जुन्या मशीनचा पत्ता भरून काम भागवता येतं.

लाइन लागली की ‘आय-पी ए’मध्ये ‘पीपीपी-०’ नावाची नवी ओळ दिसेल. आता एक काम लगेच करा: ‘सूडो यू-एफ-डब्ल्यू इनेबल’. पहिल्या प्रकारात डब्याची भिंत मधे असते. इथे तुमचं मशीन थेट कंपनीच्या नेटवर्कवर उघडं असतं. यूएफडब्ल्यू ही बाहेरून येणारं अडवणारी भिंत, म्हणजे फायरवॉल. मिंट आणि उबंटूमध्ये ती आधीपासून असते, पण बंद.

माझं मत विचाराल तर कंप्युटरने डायल करण्याची ही व्यवस्था कायमची ठेवू नये. मशीन बंद की घरातल्या सगळ्यांचं नेट बंद. साधा राउटर आणून त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरची लाइन घ्यायच्या खाचेत) ती केबल लावा आणि हेच युजरनेम-पासवर्ड तिथे भरा. मुक्त सॉफ्टवेअरची आवड असेल तर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्सवर आधारलेली सिस्टिम) चालणारा राउटर निवडा. २००४ पासून चालत आलेला हा प्रकल्प आहे आणि वरचं सगळं पीपीपीओईचं ज्ञान तिथे जसंच्या तसं कामी येतं. फक्त विकत घेण्याआधी त्या मॉडेलची नेमकी आवृत्ती त्यांच्या यादीत आहे का बघा. एकाच नावाच्या राउटरमध्ये आवृत्तीगणिक आतली चिप बदलते.

लॉगिन पान उघडत नसेल तर

हे पटकन सांगतो. फायरफॉक्समध्ये एचटीटीपीएसची, म्हणजे कुलूपबंद सुरक्षित, साइट उघडायला गेलात तर लॉगिन पान येणार नाही, उलट सुरक्षेचा इशारा येईल. पत्त्याच्या जागी ‘आय-पी आर’मध्ये दिसलेला ‘डिफॉल्ट व्हाया’चा आकडा टाका, किंवा केबलवाल्याने दिलेला लॉगिनचा पत्ता. डीएनएस हाताने बदलून ठेवला असेल किंवा ब्राउझरमध्ये सुरक्षित डीएनएस चालू असेल तर लॉगिन होईपर्यंत तो काढा; पानाचं नाव फक्त केबलवाल्याच्याच डीएनएसला माहीत असतं.

वायफायचं दुखणं

केबलवर नेट चालतंय, आता वायफाय. नेटवर्कच्या यादीत घरच्या वायफायचं नाव दिसत असेल तर पासवर्ड टाका, संपलं. एकही नाव दिसत नसेल तर ‘आर-एफ-किल लिस्ट’ द्या. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर ‘आर-एफ-किल अनब्लॉक ऑल’. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा एफएन कळेसोबतची विमानाची कळ बघा.

तिथेही काही नसेल तर ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा प्रश्न. ‘एल-एस-पी-सी-आय डॅश-एनएनके’ द्या आणि ‘नेटवर्क कंट्रोलर’ची ओळ शोधा. इंटेल असेल तर सहसा काही करावं लागत नाही. ब्रॉडकॉम असेल, विशेषतः जुन्या स्वस्त लॅपटॉपमधलं बीसीएम ४३१४२, तर कंपनीचा बंद ड्रायव्हर लागतो. मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ आणि उबंटूमध्ये ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ तो सुचवतात. डेबियनवाल्यांसाठी: १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे जून २०२३ पासून, इन्स्टॉलरमध्येच बंद फर्मवेअर येतं, त्यामुळे आधीसारखी दुसरी पेनड्राइव्ह शोधावी लागत नाही.

ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर, असं झालं तर दोन वाटा. ज्या पेनड्राइव्हवरून मिंट चढवलं ती पुन्हा लावा, ड्रायव्हर मॅनेजर तिच्यावरून घेऊ शकतो. नाहीतर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्स फोनला इथरनेट कार्ड समजतं आणि काही न विचारता जोडून घेतं. फोन स्वतः घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट केबलने मशीनला मिळतं, मोबाइल डेटा खर्च होत नाही.

ड्रायव्हर टाकताना सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी मशीनची सोय) चालू असेल तर एक पासवर्ड ठरवायला सांगितलं जातं. तो लक्षात ठेवा. मशीन पुन्हा सुरू झालं की निळा पडदा येतो, ‘परफॉर्म एमओके मॅनेजमेंट’. काही सेकंदांत कळ दाबली नाही तर तो निघून जातो. ‘एनरोल एमओके’, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’, मग तो पासवर्ड. घाबरून ‘कंटिन्यू बूट’ दाबलं की ड्रायव्हर टाकलेला असूनही चालत नाही, आणि माणूस उगाच ड्रायव्हरला शिव्या घालतो.

काही साइट उघडतात, काही लटकतात

हा सगळ्यांत फसवा प्रकार. पिंग होतं, गुगल उघडतं, पण बँकेची साइट पांढऱ्या पानावर अडकते. आधी घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपमधला सीआर २०३२ सेल मेला की मशीनची तारीख काही वर्षं मागे जाते. मग साइटचं प्रमाणपत्र ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं ब्राउझरला वाटतं आणि सॉफ्टवेअर अपडेटही ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ अशा अर्थाची चूक दाखवतं. सेल बदला, तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

घड्याळ बरोबर असेल तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. इथरनेटच्या एका पॅकेटात १५०० बाइट मावतात. पीपीपीओई त्यातले ८ स्वतःच्या शिक्क्यासाठी घेतं, उरतात १४९२. मधल्या एखाद्या राउटरला हे ठाऊक नसलं आणि ‘पॅकेट मोठं आहे’ हा निरोपही वाटेत कुणी अडवला, तर मोठी पॅकेट्स मुकाट्याने हरवतात आणि छोटी जातात. पिंग छोटं असतं म्हणून ते फसवं चित्र दाखवतं. तपासायला मोठं पिंग करा: ‘पिंग डॅश-एम डू डॅश-एस १४६४ १.१.१.१’. यातला ‘एम’ मोठ्या लिपीतला, ‘एस’ छोटा. १४६४ मध्ये शीर्षकाचे २८ बाइट मिळवले की १४९२. हे गेलं पाहिजे. १४७२ दिल्यावर अडलं तर ते पीपीपीओईवर साहजिक आहे. पण १४६४ सुद्धा जात नसेल तर आकडा दहा-दहाने कमी करत जा. जिथे उत्तर येईल तिथे २८ मिळवा आणि ती संख्या कनेक्शनच्या सेटिंगमध्ये एमटीयूच्या रकान्यात भरा. डायल राउटर करत असेल तर ती राउटरच्या पानावर भरायची.

आकड्यांना पिंग होतं पण नावांना नाही, ते डीएनएसचं प्रकरण. कनेक्शनच्या ‘आयपीव्ही४’ टॅबवर डीएनएसचं ‘ऑटोमॅटिक’ बंद करा आणि १.१.१.१, ८.८.८.८ भरा, मधे स्वल्पविराम. कनेक्शन बंद करून पुन्हा चालू करा, त्याशिवाय बदल लागू होत नाही. उबंटूमध्ये डीएनएसची नोंद असलेली रिझॉल्व्ह फाइल उघडून तिथे १२७.०.०.५३ दिसलं तर ते खोडू नका. तो मशीनमधलाच मधला टप्पा आहे, आणि खरा डीएनएस ‘रिझॉल्व्ह-सी-टी-एल स्टेटस’ने दिसतो.

डोंगल आणि जुने मोडेम

यूएसबी डोंगल लावल्यावर सीडी ड्राइव्हसारखं काहीतरी उघडलं तर ते विंडोजचे ड्रायव्हर दाखवतंय. ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचं पॅकेज त्याला मोडेम बनवतं. मिंट-उबंटूवर ते नसेल तर टाका. मग ‘मोबाइल ब्रॉडबँड’ कनेक्शन बनवून एपीएन (मोबाइल कंपनीच्या नेटच्या प्रवेशदाराचं नाव) भरा: बीएसएनएलचा ‘बीएसएनएलनेट’, जिओचा ‘जिओनेट’, एअरटेलचा ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’. फोर-जी डोंगलपैकी बरेच स्वतःच छोटे राउटर असतात आणि इथरनेट कार्ड म्हणूनच दिसतात. फक्त थ्री-जीचं डोंगल सापडलं असेल तर त्यावर वेळ घालवू नका.

तांब्याच्या लाइनवरचा जुना एडीएसएल मोडेम अजून चालू असेल आणि त्याला यूएसबी व इथरनेट असे दोन्ही पोर्ट असतील, तर इथरनेटच वापरा. यूएसबीने तो लिनक्सवर चालवण्याचे खटाटोप एके काळी लोकांनी रात्री जागून केले. आता त्याची गरज नाही.

वेग निम्माच मिळतोय?

प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि वेग ९४ च्या आसपास अडकलेला, असं असेल तर लिनक्स सोडा आणि केबलचं टोक बघा. गिगाबिट वेगासाठी आठही तारा लागतात. क्लिप मारणाऱ्याने चारच मारल्या असतील किंवा एखादी निसटली असेल तर कार्ड १०० वर उतरतं. ‘सूडो ईटीएच-टूल’ आणि पुढे कार्डाचं नाव दिलंत की ‘स्पीड’च्या ओळीत १०० आहे की १००० ते कळतं. कार्डच १०० चं असेल तर गोष्ट वेगळी.

तक्रार करताना

हेल्पलाइनवर "विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल उघडा" असं सांगणारा माणूस भेटतो. त्याच्याशी सिस्टिमवरून वाद घालण्यात अर्थ नाही. फोन करण्याआधी ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता उघडा. लॉगिन डब्याच्या तळाशी चिकटवलेलं असतं, आणि ते ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ असेल तर त्याच बैठकीत बदला. स्टेटसच्या पानावर ऑप्टिकल माहितीत आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. तो उणे आकडा असतो, डीबीएममध्ये. उणे ८ ते उणे २७ ही साधारण चालणारी मर्यादा. उणे २५ च्या खाली घसरला असेल तर पाऊस-वाऱ्यात लाइन तुटत राहणार, लाइनमनला बोलवाच. त्याच पानावर वॅनचा पत्ताही दिसतो. तो १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये असेल तर कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेकांत वाटून देते आहे. नेट चालतं, पण बाहेरून घरच्या कॅमेऱ्यावर किंवा सर्व्हरवर थेट येता येणार नाही, त्यासाठी कंपनीकडे स्टॅटिक आयपी (तुमचा एकट्याचा, न बदलणारा पत्ता) मागावा लागतो.

मग फोनवर एवढंच सांगा: पॉन हिरवा आहे की नाही, लॉस लाल आहे की नाही, आरएक्स पॉवर किती, डबा पिंग होतो पण १.१.१.१ होत नाही, आणि दुसऱ्या प्रकारात असाल तर पॅडो येत नाही की ऑथेंटिकेशन नाकारलं जातंय. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या, आणि लाइनमन येईल तेव्हा त्याला आरएक्स पॉवरचं पान उघडूनच दाखवा.